कमला सोहोनी : डाळ, दूध आणि नीरेतली समीकरणे

सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास सोलापुरात सात रस्त्यावरून गेलात, तर पाठीवर दप्तर आणि हातात वही घेतलेली मुले-मुली ठरलेली भेटतात. कुणी संगमेश्वर कॉलेजकडे निघालेले असते, कुणी शिकवणीला. बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की यांच्या वहीत एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर रसायनशास्त्राची सगळी सूत्रे एका खाली एक लिहिलेली असतात : मोलची संख्या, संहती, घनता, सामू, अनुमापन, वायूंचे नियम. रिक्षाची वाट बघताना ओठ हलत असतात. पाठांतर चालू असते.

शेजारची एक मुलगी असाच कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला गणिते सोडवता येत होती. तिचा प्रश्न वेगळाच होता. काका, ही सूत्रे परीक्षेनंतर कुणाच्या उपयोगी पडतात का, असे तिने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे होते. मी तिला कमलाबाईंची गोष्ट सांगितली. तिच्या कागदावरच्या बहुतेक सूत्रांना त्यांच्या आयुष्यात कुठे ना कुठे जागा सापडते. आज तीच गोष्ट आपल्यासाठी.

रसायनशास्त्रज्ञांचे घर

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेले. मोठी बहीण दुर्गा. पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेल्या, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या दुर्गा भागवत त्या याच. घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि मुलींनी शिकावे की नाही, हा वादही नव्हता.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सगळ्यांत वर होते. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढचे संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. अर्ज केला. गुण पाहता प्रवेश मिळणार, यात शंका घेण्यासारखे काहीच नव्हते.

अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

एक वर्षाची परीक्षा

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० साली, त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला होता. देशभर त्यांच्या नावाचा दबदबा होता. अशा माणसाने नाही म्हटल्यावर पुढे बोलणार कोण? कमलाबाई मात्र थेट बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारले. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ. बावीस वर्षांच्या मुलीने तेच हत्यार विज्ञानसंस्थेच्या दारात वापरले.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. काम पाहून संचालकांचे समाधान झाले तरच ते ग्राह्य धरले जाणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. या शेवटच्या अटीतला अपमान वेगळा समजावून सांगायला नको. बरोबरच्या मुलांना यातली एकही अट नव्हती.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण मान्य केल्या नसत्या तर संशोधनाचे दार तिथेच बंद झाले असते. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. साठ वर्षांनंतर, उतारवयात, स्त्री वैज्ञानिकांच्या एका मेळाव्यातही त्यांनी ती सल बोलून दाखवली. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झालेले होते. कमलाबाईंचे काम ग्राह्य धरले गेले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. त्या वर्षी त्या हरल्या असत्या, तर फक्त एका मुलीचे शिक्षण थांबले नसते. मुलींना हे जमत नाही, असे म्हणायला पुढची कित्येक वर्षे एक उदाहरण मिळाले असते. वयाच्या बाविसाव्या वर्षी इतके ओझे घेऊन त्या परीक्षानळी हातात धरत होत्या.

सव्वासहाचा गुणाकार

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक लाभले श्रीनिवासय्या. शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ साली याच कामावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

हा विषय त्यांनी का घेतला असेल, हे आपल्या ताटाकडे पाहिले की कळते. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या किंवा परवडत नाहीत म्हणून क्वचित खाणाऱ्या घरात प्रथिने येतात ती डाळीतून, कडधान्यांतून आणि मिळालेच तर दुधातून. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगांची चटणी. आपल्या सोलापुरी जेवणाची प्रथिनांची सारी भिस्त यांवरच आहे. मग त्यात प्रथिने किती, आणि त्यांतली शरीराला लागतात किती, हे कुणीतरी मोजायला हवे होते.

प्रथिने मोजण्याची जुनी आणि आजही वापरात असलेली रीत अशी. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. पिष्टाला नायट्रोजन नसतो, तेलालाही नसतो. म्हणून पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा आणि अनुमापनाने मोजायचा. जितका नायट्रोजन मिळेल त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. १०० ला १६ ने भागले की ६.२५ येतात, एवढेच त्यामागचे गणित. समजा १०० ग्रॅम तूरडाळीत साडेतीन ग्रॅम नायट्रोजन निघाला, तर प्रथिने झाली जवळपास २२ ग्रॅम. डेन्मार्कच्या केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली ही पद्धत दिली.

पण कोणतेही सूत्र त्याच्यामागचे गृहीतक विसरून वापरले, तर घात करते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे पाणी घातलेले दूधही सव्वासहाच्या गुणाकारात प्रथिनांनी भरलेले दिसे. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, काही दगावली. तेव्हा सूत्राने दिलेल्या आकड्यावर न थांबता आत नेमके काय आहे ते पाहावे लागते. डाळींच्या बाबतीत कमलाबाईंनी पुढच्या आयुष्यात तेच केले. त्याकडे आपण येऊच.

एक ओळ आणि तिच्या मधले अंतर

एम.एस्सी.नंतर शिष्यवृत्त्या मिळवून कमलाबाई इंग्लंडला, केंब्रिजला गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ साली नोबेल मिळालेले. केंब्रिजमध्येही स्त्रियांची स्थिती फार वेगळी नव्हती. त्यांना शिकता येत असे, पदवीचे नाव मिळत असे, पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व १९४८ पर्यंत मिळत नव्हते. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेचे दार मात्र मुलींना उघडे होते. जागेची अडचण होती, ती डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले एक जादा टेबल देऊन सोडवली. दिवसा त्या टेबलावर कमलाबाईंचे प्रयोग चालत आणि रात्री रिक्टर त्याच टेबलावर झोपत, असे सांगतात.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन करत होते. कमलाबाईंच्या पुढ्यात आला बटाटा.

आता त्या मुलीच्या कागदावरचे एक समीकरण घेऊ. ते दहावीपासून सगळ्यांना पाठ असते :

१ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डायऑक्साइड + ६ पाणी + ऊर्जा

आपण खाल्लेल्या भाकरीचे शेवटी शरीरात हे होते. वजनात मांडले तर १८० ग्रॅम ग्लुकोजला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १०८ ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ ग्रॅम. काहीही हरवत नाही. ऊर्जा मिळते सुमारे ६८६ किलोकॅलरी. म्हणजे एका ग्रॅमला पावणेचारच्या थोडी वर. आहारतज्ज्ञ कर्बोदकांच्या एका ग्रॅमला चार कॅलरी धरतात, त्या आकड्याचे मूळ अशा मोजमापांत आहे.

समीकरण बरोबर आहे, पण ते फक्त सुरुवात आणि शेवट सांगते. साखर चुलीत टाकली तरी हेच होते. फरक असा की चुलीत सारी ऊर्जा एकदम उष्णता म्हणून निघून जाते. शरीरात तसे झाले तर पेशी भाजून निघतील. पेशी हेच काम पायरीपायरीने करते. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन ती थेट ऑक्सिजनला देत नाही. आग विझवताना विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते, तसे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा सुटते आणि पेशी ती साठवून ठेवते. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. त्याचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात.

या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. इलेक्ट्रॉन घेतला की लोहावरचा धनभार तीनचा दोन होतो, पुढे दिला की पुन्हा तीन. दिवसरात्र तेवढेच काम. प्राण्यांच्या पेशींतल्या सायटोक्रोमविषयी केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ पासून बरेच काम केले होते. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि त्यांच्या श्वसनात ते भाग घेते. म्हणजे बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघांच्या पेशी ऑक्सिजन वापरताना एकाच जातीचे हत्यार वापरतात.

याचे महत्त्व वैद्यकालाही आहे. सायनाइड इतके घातक का? रांगेतला शेवटचा गडी, जो ऑक्सिजनच्या हातात इलेक्ट्रॉन देतो, त्यालाच ते जखडून टाकते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. समीकरणाची डावी बाजू शाबूत असते, मधला बाण तुटलेला असतो.

कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. चौदा महिन्यांत काम आणि लेखन दोन्ही उरकले होते. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख केला जातो. परदेशात राहून नाव आणि पैसा मिळवण्याची संधी होती. त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. सोहोनी विमागणिताचे तज्ज्ञ होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनाचा विभाग सुरू झाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या. निवृत्तीपर्यंतचे त्यांचे महत्त्वाचे काम इथले.

विद्यार्थ्यांना त्यांनी जे विषय दिले ते पाहिले तर लक्षात येते, की हे सगळे गरिबाच्या स्वयंपाकघरातले विषय आहेत. डाळी, भाताचे पीठ आणि नीरा.

डाळींच्या कामात त्या सव्वासहाच्या गुणाकारापलीकडे गेल्या. डाळीत २२ ग्रॅम प्रथिने आहेत म्हणून ती सगळी अंगी लागतील असे नाही. आपल्या आतड्यात प्रथिने तोडायला ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम असते. अनेक कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारी द्रव्ये असतात. भारतीय अन्नपदार्थांतल्या अशा द्रव्यांवर कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात शोधनिबंध लिहिले. नीट शिजवल्यावर ही द्रव्ये बऱ्याच अंशी निकामी होतात, कारण तीही प्रथिनेच आणि उष्णतेने त्यांची घडी मोडते. भिजवणे, मोड आणणे आणि मऊ शिजवणे, ही आजीची रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरते ती अशी.

नीरा : वेळेशी शर्यत

नीरेचे काम सुचवले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी. त्यामागे परिस्थितीही तशीच होती. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. ताड, माड, शिंदीच्या झाडांवर पोट असलेल्यांचा ताडीचा धंदा अडचणीत आला. त्याच झाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. ती पोषक असेल तर लोकांना पेय मिळेल आणि झाडे छेदणाऱ्यांना काम. पण पोषक आहे, असे नुसते म्हणून भागत नाही, मोजून दाखवावे लागते.

इथे त्या मुलीच्या कागदावरचे आणखी एक समीकरण कामाला येते :

१ ग्लुकोज → २ अल्कोहोल + २ कार्बन डायऑक्साइड

१८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे साखरेच्या निम्म्याहून थोडे अधिक वजनाची दारू. नीरेत साखर भरपूर असते आणि हवेतल्या, झाडावरच्या यीस्टला ती आयतीच मिळते. सूर्य वर आला, रस तापला, की नीरेची ताडी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नीरा पहाटे उतरवतात, मडक्याला आतून चुना लावतात आणि ती थंड ठेवतात. चुना आम्लता वाढू देत नाही आणि यीस्ट-जंतूंना वाढायला अवघड करतो.

कमलाबाईंनी वर्षानुवर्षे या रसाचे पृथक्करण केले. त्यात क जीवनसत्त्व, लोह आणि इतर पोषक घटक आहेत आणि योग्य रीतीने साठवली तर ते टिकतात, हे दाखवले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर तब्येतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

क जीवनसत्त्व मोजायचे कसे, हे समजायला अनुमापनाचे सूत्र पुरते. संहती गुणिले आकारमान म्हणजे मोल. आयोडीनचा एक रेणू क जीवनसत्त्वाच्या एका रेणूशी क्रिया करतो. समजा दहा मिलीलीटर रसाला लिटरमागे एक हजारांश मोल ताकदीचे पाच मिलीलीटर आयोडीन लागले. मोल झाले दहा लाखांत पाच. त्याला रेणुभाराने, म्हणजे १७६ ने, गुणले की येतात ०.८८ मिलिग्रॅम. शंभर मिलीलीटरमध्ये ८.८. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, पण प्रयोगशाळेत बसून माणूस जे करतो ते नेमके हेच. गुणाकार सोपा असतो. एकच मोजणी पुन्हा पुन्हा करून तेच उत्तर येते का ते पाहणे अवघड असते.

दूध नासते तेव्हा

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाची प्रत सुधारण्यासाठी आणि ते नासू नये यासाठी कमलाबाई सल्ला देत. दुधाचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ६.६ असतो. दुधातल्या साखरेपासून जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि सामू खाली येतो. तो ४.६ च्या आसपास पोहोचला की केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून गोळा होते. ६.६ ते ४.६ हा फरक दोनचा वाटतो. पण सामू हे लॉगरिदमचे माप आहे, एक अंक उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे दोन अंकांत शंभरपट. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळचे दूध तापवायला विसरले, तर दुपारी काय होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. जंतूंची वाढ उष्णतेने वेगात होते आणि ती शंभरपट मजल काही तासांत गाठली जाते.

संस्थेच्या संचालकपदासाठी कमलाबाईंचा हक्क असूनही त्यांना काही वर्षे ताटकळावे लागले. बंगळूरला अट उघडपणे घातली होती, इथे कुणी काही बोलत नव्हते, एवढाच फरक. अखेर त्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरची प्रयोगशाळा

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था सुरू केली. अन्नातल्या भेसळीने सामान्य माणूस हैराण होता. कमलाबाई या कामात उतरल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षेविषयी लिहीत असत. आयुष्यभर प्रयोगशाळेत वापरलेले ज्ञान त्यांनी इथे बाजाराच्या पिशवीपर्यंत आणले.

दुधाचेच उदाहरण घ्या. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. गाईच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी घातले की ती घटते, हे लॅक्टोमीटर दाखवतो. भेसळ करणाऱ्यालाही हे सूत्र माहीत असते. तो साखर किंवा पीठ घालून घनता पुन्हा जागेवर आणतो. मग दुसरी परीक्षा. थोडे दूध उकळून थंड करायचे, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा रंग आला तर पिष्ट मिसळले आहे. तपासलेले दूध पिऊ नये, ओतून द्यावे.

१९९८ साल. कमलाबाई उतारवयात होत्या. वैज्ञानिक जगताला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यांच्याविषयी कळले तेव्हा त्यांनी दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठरवला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जूनला, गेल्या.

घरात उपयोगी पडेल असे

कमलाबाईंच्या कामातून आपल्या स्वयंपाकघरासाठी एवढे लक्षात ठेवावे.

कडधान्ये रात्री भिजत घालावीत आणि मऊ होईपर्यंत शिजवावीत. राजम्यासारखे कडधान्य अर्धेकच्चे खाणे पोटाला त्रासदायक ठरते, ते चांगले उकळलेच पाहिजे. डाळीबरोबर भाकरी किंवा भात घ्यावा. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते धान्यात असते आणि धान्यात कमी ते डाळीत, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा वाढतो.

नीरा प्यायची तर सकाळी, परवानाधारक केंद्रावरची आणि थंड ठेवलेलीच. आंबट वास किंवा फेस आला असेल तर ती नीरा राहिलेली नाही. तिच्यात साखर असते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डब्यावर प्रथिनांचा मोठा आकडा छापला आहे म्हणून पावडर विकत घेऊ नये. आकडा कशावरून काढला आणि घटक कोणते, हे वाचावे. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

ही गोष्ट ऐकून झाल्यावर त्या मुलीने आपला कागद पुन्हा उघडला. सामूच्या ओळीपुढे पेन्सिलीने दूध लिहिले, अनुमापनापुढे नीरा. आणि मग विचारले, बंगळूरला ते पहिले वर्ष त्या नापास झाल्या असत्या तर? मी म्हटले, तर मुलींसाठी ते दार आणखी काही वर्षे बंदच राहिले असते. पुढच्या आठवड्यात तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. अनुमापन येणार, असा तिचा अंदाज आहे.